स्त्रियांचे अश्वारोहण

घोड्याच्या पाठीवर तोल सांभाळून बसणे आणि लगाम, पाय व शरीरभार यांच्या साहाय्याने त्याची गती व दिशा नियंत्रित करणे, या कलेस अश्वारोहण म्हणतात. स्त्रियांच्या अश्वारोहणाचा वेगळा विचार करावा लागतो तो त्यांच्या शरीरसामर्थ्यामुळे नव्हे, तर स्त्रीने घोड्यावर कसे बसावे यासंबंधी निरनिराळ्या समाजांनी घालून दिलेल्या संकेतांमुळे. आज इंग्लिश व अमेरिकन (पश्चिमी) या दोन शैली जगभर प्रचलित असून त्यांचा अंगीकार करणाऱ्या स्त्रियांमध्ये आपापल्या शैलीच्या श्रेष्ठत्वाविषयी एक खेळकर चुरस आढळते. या दोहोंहून जुनी व निराळी अशी एक परंपरा महाराष्ट्रात, विशेषतः भीमा व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत होती. तिच्याशी तुलना केली असता पहिल्या दोन शैलींचे मर्मही अधिक स्पष्ट होते.

बैठकीचे प्रकार : घोड्यावर बसण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात स्वार घोड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो; यालाच मराठीत मांड टाकणे म्हणतात. दुसरी एकांगी बैठक होय. तीत दोन्ही पाय घोड्याच्या एकाच, बहुधा डाव्या, बाजूस असतात. पहिल्या प्रकारात शरीराचा भार घोड्याच्या कण्याच्या दोन्ही अंगांस सारखा पडतो आणि दोन्ही पायांनी घोड्यास इशारा देता येतो. एकांगी बैठकीत उजव्या बाजूस पाय नसल्याने त्याचे काम छडीने करावे लागते. घोड्यावर चढण्याउतरण्यास बहुधा दुसऱ्याचा हात लागतो आणि घोडा कोसळल्यास खोगिरात अडकून पडण्याचा धोका मोठा असतो. असे असूनही यूरोपात ही बैठक शतकानुशतके कुलीन स्त्रियांसाठी योग्य मानली गेली. लांब घोळदार झगा आणि मर्यादेची कल्पना ही त्याची दोन कारणे होत.

इंग्लिश शैली : इंग्लंडमध्ये एकांगी बैठक रूढ करण्याचे श्रेय परंपरेने राजा दुसरा रिचर्ड याची पत्नी ॲन ऑफ बोहीमिया हिला दिले जाते (विवाह १३८२). प्रारंभीचे एकांगी खोगीर खुर्चीसारखे होते. स्त्री त्यावर आडवी बसे, तिचे पाय एका फळीवर टेकलेले असत व घोडा बहुधा दुसरा कोणी धरून चालवी. सोळाव्या शतकात उजवा गुडघा अडकविण्यासाठी खोगिराला पुढे एक शिंग बसविण्यात आले. त्यामुळे स्त्रीला पुढे तोंड करून बसता येऊ लागले व लगाम तिच्या हाती आला. १८३० च्या सुमारास डाव्या मांडीवर टेकणारे दुसरे वाकडे शिंग जोडण्यात आले. या साध्या सुधारणेने मोठा पालट घडला. भरधाव धावणे व कुंपणे ओलांडणे स्त्रियांना शक्य झाले आणि कोल्ह्यांच्या शिकारीत त्या पुरुषांच्या बरोबरीने भाग घेऊ लागल्या. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने १८७० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील शिकारीत एकांगी बैठकीवरच नाव मिळविले.

शिकारीच्या या गरजांतून इंग्लिश खोगीर घडले. ते लहान, सपाट व हलके (सु. ५ ते ९ किग्रॅ.) असते. स्वाराचा घोड्याच्या अंगाशी निकट संबंध राहावा व उडी मारताना त्याच्या हालचालीस अडथळा होऊ नये, हा त्याचा हेतू. लगाम दोन्ही हातांत धरतात व घोड्याच्या तोंडाशी सतत हलका ताण ठेवतात. दुडक्या चालीत एक ठोका सोडून खोगिरावरून किंचित उठण्याची रीत हे या शैलीचे ठळक लक्षण होय. फेदेरीको काप्रिल्ली (१८६८–१९०७) या इटालियन लष्करी अधिकाऱ्याने रिकीब आखूड करून उडीच्या वेळी पुढे झुकण्याची पद्धत प्रचारात आणली आणि या शैलीला तिचे आधुनिक रूप मिळाले. स्त्रियांमध्ये मांड टाकून बसणे मात्र पहिल्या महायुद्धानंतरच सर्वत्र मान्य झाले. औपचारिक समारंभांत जुनी बैठक टिकून राहिली. राणी दुसरी एलिझाबेथ १९८६ पर्यंत वाढदिवसाच्या लष्करी संचलनात एकांगी बैठकीवरच येत असे.

अमेरिकन शैली : या शैलीचे मूळ मेक्सिकोतील स्पॅनिश गुराख्यांच्या पद्धतीत आहे. विस्तीर्ण कुरणांवर दिवस दिवस घोड्यावर बसून गुरे हाकणे हे येथील काम. त्यामुळे खोगीर मोठे, खोलगट व मागे उंच पाठ असलेले बनले. त्याचे वजन सु. १२ ते २० किग्रॅ. भरते, पण भार घोड्याच्या पाठीच्या मोठ्या भागावर विभागला जात असल्याने लांबच्या मजलेस ते सोयीचे ठरते. पुढील शिंगाचा उपयोग पकडलेल्या गुराचा दोर गुंडाळण्यासाठी होतो. रिकीब लांब असते व पाय जवळजवळ सरळ राहतात. एक हात फासाच्या दोरासाठी मोकळा हवा, म्हणून लगाम एकाच हाती धरतात आणि वादी मानेवर टेकवून घोडा वळवितात. लगामाचा ताण सैल असतो. शिकविलेला घोडा गुरांच्या हालचाली पाहून स्वतःहून बरेच काही करतो.

कुरणांवरील कुटुंबांतल्या स्त्रियांना कामासाठी घोडा लागे. तेथे एकांगी बैठक गैरसोयीची ठरल्याने त्यांनी दुभागलेले झगे शिवून घेतले व मांड टाकून बसण्यास प्रारंभ केला. अमेरिकन शहरांत मात्र इंग्लंडप्रमाणेच कडक संकेत पाळले जात. नॅन ॲस्पिनवॉल हिने १९१०–११ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को ते न्यूयॉर्क असा प्रवास घोड्यावरून एकटीने केला. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टन येथील स्त्रीमताधिकाराच्या मोर्चाच्या अग्रभागी इनेझ मिलहॉलंड पांढऱ्या घोड्यावर मांड टाकून बसली होती. बैठकीचा प्रश्न येथे नागरिकत्वाच्या प्रश्नाशी जाऊन भिडलेला दिसतो.

दोन शैलींतील चुरस : इंग्लिश शैलीच्या स्त्रिया अमेरिकन खोगिराला आरामखुर्ची म्हणून हसतात. उलट, हातात धरायलाही काही नसलेल्या खोगिरावर बसून दर पावलाला उठाबशा कशासाठी काढायच्या, असे अमेरिकन शैलीच्या स्त्रिया विचारतात. पोशाखातही हा भेद दिसतो. एका बाजूस काळा अंगरखा, घट्ट विजार व उंच बूट. तर दुसरीकडे रुंद काठाची टोपी, रंगीत सदरा व जाड कापडाची विजार. वरवर विनोदी वाटणाऱ्या या वादाचा उलगडा वर सांगितलेल्या दोन कामांत आहे. एक शैली अडथळे ओलांडण्यासाठी घडली, दुसरी गुरे राखण्यासाठी. एकीच्या कसोटीवर दुसरी उतरणार नाही, हे उघड आहे.

या दोन जगांमधून गेलेली इंग्रज प्रवासिनी इझाबेला बर्ड (१८३१–१९०४) हिचे उदाहरण बोलके आहे. तिला पाठीच्या कण्याचा विकार होता व एकांगी बैठकीने वेदना होत. १८७३ मध्ये हवाई बेटांतील स्त्रियांचे पाहून ती मेक्सिकन खोगिरावर मांड टाकून बसू लागली आणि त्याच वर्षी रॉकी पर्वतात तिने शेकडो मैल प्रवास केला. शहरात शिरताना मात्र ती लोकलज्जेस्तव पुन्हा एका बाजूस बसे. तिचे प्रवासवर्णन १८७९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर तिने पुरुषी वेश केल्याचा उल्लेख लंडनच्या टाइम्स पत्राने केला. त्याने ती अतिशय संतापली व पुढील आवृत्तीत आपला वेश स्त्रियांचाच कसा होता, हे सांगणारी टीप तिने जोडली. जी बैठक तिच्या प्रकृतीला मानवली, तिच्याबद्दल तिला खुलासा द्यावा लागला. याच्या उलट, १८८७ मध्ये लंडनला आलेल्या ‘बफेलो बिल’च्या खेळातील प्रख्यात अमेरिकन नेमबाज ॲनी ओक्ली ही एकांगी बैठकीचीच कटाक्षाने पुरस्कर्ती होती. सारांश, शैलीच्या सीमा देशांच्या सीमांशी तंतोतंत जुळत नाहीत.

अमेरिकेत आज दोन्ही शैलींचे शिक्षण शेजारी शेजारी दिले जाते. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने स्त्रियांच्या अश्वारोहणास १९९८ मध्ये उदयोन्मुख क्रीडांच्या यादीत स्थान दिले. या सांघिक सामन्यांत इंग्लिश व पश्चिमी अशा दोन्ही शैलींच्या स्पर्धा असून त्यांचे गुण एकत्र मोजले जातात. प्रतिस्पर्धी संघांतील दोन मुली एकामागून एक त्याच घोड्यावर बसतात. त्यामुळे घोड्याचे नव्हे, तर स्वाराचे कौशल्य ठरते. एकमेकींची थट्टा करणाऱ्या दोन शैलींच्या मुली येथे एकाच संघाच्या गुणसंख्येत भर घालतात.

स्पर्धात्मक क्रीडा : ऑलिंपिक क्रीडासामन्यांतील अश्वक्रीडा इंग्लिश व यूरोपीय परंपरेतील आहेत. त्यांत स्त्रियांना टप्प्याटप्प्याने प्रवेश मिळाला : शिस्तबद्ध चालीच्या (ड्रेसाझ) स्पर्धेत १९५२ मध्ये, उड्यांच्या स्पर्धेत १९५६ मध्ये व त्रिविध कसोटीच्या (इव्हेंटिंग) स्पर्धेत १९६४ मध्ये. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक मिळविले. पोलिओमुळे तिचे गुडघ्याखालील पाय निकामी झाले होते. १९५६ मध्ये इंग्लंडची पॅट स्माइथ ही कांस्यपदक विजेत्या संघात होती, तर १९६४ मध्ये अमेरिकेची लाना द्यू पाँट ही रौप्यपदक विजेत्या संघात होती. १९७२ मध्ये म्यूनिक येथे पश्चिम जर्मनीची लीझेलोट लिन्झेनहोफ हिने ड्रेसाझमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिकमध्ये अश्वक्रीडेत स्त्रिया व पुरुष एकाच स्पर्धेत समोरासमोर उतरतात.

अमेरिकन शैलीची स्पर्धा म्हणजे रोडिओ. विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्त्रियाही त्यात अवखळ घोड्यांवर बसत. १९२९ मध्ये ऑरेगन राज्यातील पेंडल्टन येथे बॉनी मॅकॅरल हिचा अपघाती मृत्यू झाला आणि त्यानंतर स्त्रियांना या प्रकारातून हळूहळू वगळण्यात आले. १९४८ मध्ये टेक्सस राज्यात स्त्री-स्वारांनी स्वतःची संघटना स्थापन केली. त्रिकोणात ठेवलेल्या तीन पिंपांना वळसे घालून कमीत कमी सेकंदांत परतणे, ही तिची आवडती स्पर्धा आजही लोकप्रिय आहे.

मराठी परंपरा : इंग्लंड व अमेरिकेत ज्यासाठी झगडा झाला, ती मांड टाकून बसण्याची मुभा मराठी स्त्रीला तिच्या पोशाखानेच दिली होती. नऊवारी लुगड्याचा काष्टा दोन्ही पायांमधून मागे खोचला जातो. त्यामुळे पाय मोकळे राहतात, अंग झाकलेले राहते व घोड्यावर बसण्यासाठी वेगळा वेश लागत नाही. मराठ्यांचे युद्धतंत्रही याला पोषक होते. हलके घोडदळ, थोडे सामान व लांब मजला हे त्याचे विशेष. सरदारांची कुटुंबे पुष्कळदा मोहिमेत बरोबर असत व प्रसंगी स्त्रियांना घोड्यावरून वेगाने निघून जावे लागे. घोड्यावर बसता येणे ही त्यांच्या दृष्टीने शोभेची नव्हे, तर जिवाच्या रक्षणाची बाब होती.

दख्खनी चित्रांत चांदबिबी घोड्यावर मांड टाकून ससाण्याने शिकार करताना दाखविलेली आढळते. महाराणी ताराबाई (१६७५–१७६१) यांनी राजारामाच्या मृत्यूनंतर मोगलांविरुद्धच्या मोहिमांचे सूत्रचालन केले. १८१७ मधील महिदपूरच्या लढाईशी यशवंतराव होळकरांची कन्या भीमाबाई हिचे नाव निगडित असून तिच्या घोडेस्वारीची नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनीही घेतली आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ घोड्यावरून लढतानाच धारातीर्थी पडल्या.

फत्तेगढचा प्रसंग : मराठी व इंग्लिश शैलींची खेळीमेळीने समोरासमोर गाठ पडल्याचा एक उत्तम प्रसंग १८३५ मधील आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील बायजाबाई (१७८४–१८६३) यांचा विवाह दौलतराव शिंदे यांच्याशी १७९८ मध्ये पुण्यास झाला. पतीच्या पश्चात १८२७ ते १८३३ पर्यंत त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. नंतर राज्य सोडावे लागल्यावर त्या काही काळ गंगाकाठी फत्तेगढ येथे छावणी करून होत्या. कंपनीच्या एका अधिकाऱ्याची पत्नी फॅनी पार्क्स (१७९४–१८७५) ही त्यांच्या भेटीस तेथे जात असे. तिने १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथात या भेटींचे वर्णन आहे.

बायजाबाई तरुणपणी निष्णात घोडेस्वार होत्या व त्यांची नात गजराजा हिलाही घोड्याची आवड होती. छावणीतील स्त्रियांना पार्क्सच्या एकांगी खोगिराचे कुतूहल वाटले. तिने घोड्यावर बसून दाखविल्यावर एकाच बाजूस पाय टाकण्याची ही रीत त्यांना वेडीवाकडी वाटून मोठी करमणूक झाली. मग त्यांनी पाहुणीला मराठी पोशाख चढवून मराठी पद्धतीने घोड्यावर बसविले. हा अनुभव तिला इतका सुखद व सुरक्षित वाटला, की स्त्रियांच्या घोडेस्वारीची रीत बदलल्याबद्दल तिने पहिल्या एलिझाबेथ राणीलाच दोष दिला. हा दोष इतिहासाला धरून नाही, कारण एकांगी बैठक एलिझाबेथच्या पूर्वीची आहे. परंतु तक्रारीतील तथ्य खरे होते. तिच्या देशातील स्त्रियांना तीच मोकळीक मिळण्यास पुढे सु. ऐंशी वर्षे लागली. राज्य गमावलेल्या मराठी स्त्रीकडे आणि राज्यकर्त्या जमातीतील इंग्रज स्त्रीकडे पाहता, घोड्यावरील स्वातंत्र्य त्या काळी पहिलीच्या वाट्याला अधिक होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

जुन्नर व आंबेगाव : पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील हे दोन तालुके अश्वपरंपरेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. सह्याद्रीत आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस उगम पावणारी घोड नदी पुढे भीमेस मिळते. तालुक्याचे ठिकाण घोडेगाव हे तिच्याच काठी आहे. भीमा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांतील घोड्यांना ‘भीमथडी’ म्हणत. कोकणच्या बंदरांतून घाटमाथ्यावर येणाऱ्या अरबी घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होऊन ही जात बनली, असे मानतात. मध्यम उंची, काटकपणा, थोड्या चाऱ्यावर निभाव व डोंगरी वाटांवरील पक्के पाऊल हे तिचे गुण होत. जुन्नर हे निजामशाहीचे पहिले ठाणे (१४९०) व पुढे मोगलांचे लष्करी केंद्र होते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घातला, तेव्हा तीन लक्ष होनांबरोबर दोनशे घोडे त्यांच्या हाती आले. १८१८ नंतर मराठ्यांच्या पागा मोडल्या व इंग्रज घोडदळास अधिक उंच घोडे हवे असल्याने ही जात मागे पडली. भारतातील नोंदणीकृत अश्वजातींत तिचा समावेश अलीकडेच झाला आहे.

या प्रदेशातील धार्मिक जीवनातही अश्वारूढ स्त्रीची प्रतिमा परिचित आहे. आंबेगाव तालुक्यातील थापलिंग गड व जुन्नर तालुक्यातील वडज ही खंडोबाची स्थाने प्रसिद्ध आहेत. देवघरातील टाकांवर खंडोबा घोड्यावर असतो आणि म्हाळसा त्याच घोड्यावर बसून दैत्यवधात त्याला साहाय्य करते. काही टाकांत तिच्याही हाती शस्त्र दिसते. [⟶ खंडोबा].

थापलिंग येथे पौष पौर्णिमेस यात्रा भरते व त्या वेळी बैलगाड्यांच्या शर्यती होतात. जुन्नर, आंबेगाव व खेड तालुक्यांतील या शर्यतींचा विशेष असा, की गाड्याच्या बैलांपुढे एक घोडी भरधाव पळविली जाते व बैल तिच्यामागे धावतात. धावपट्टीस ‘घाट’ व प्रत्येक धावेस ‘बारी’ म्हणतात. गाडे एकावेळी एकच सुटतात व निकाल सेकंदांवर ठरतो. घोडीच्या स्वाराला मागून येणाऱ्या बैलांचा वेग ओळखून त्यांच्या पुढे, पण त्यांच्या टप्प्यात राहावे लागते. किंचित मागे पडल्यास बैलांच्या पायांखाली येण्याचा आणि फार पुढे गेल्यास बैल भरकटण्याचा धोका असतो. उडी मारणारी इंग्लिश शैली वा गुरे वळविणारी अमेरिकन शैली यांपैकी कोणतीच या कामी जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. या कामाची स्वतंत्र मांड आहे आणि ती येथील घराघरांतून शिकली जाते.

प्राण्यांवरील क्रूरतेच्या आक्षेपावरून या शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बंद झाल्या होत्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. प्राण्यांना होणाऱ्या इजेचा प्रश्न त्यामुळे संपलेला नाही. मारहाण व टोचणी यांना असलेली बंदी प्रत्यक्षात कितपत पाळली जाते, यावर या खेळाचे भवितव्य अवलंबून आहे. २०२२ पासून शर्यती पुन्हा भरू लागल्यावर उत्तर पुणे जिल्ह्यातील घाटांवर काही मुलींनीही घोडी पळविली व त्याची मोठी चर्चा झाली. पुरुषांचे म्हणून मानल्या गेलेल्या क्षेत्रात मुली उतरल्या, असे त्याचे वर्णन करण्यात आले. मराठी स्त्रियांच्या अश्वारोहणाचा इतिहास पाहता मात्र ही नवी सुरुवात नसून, पागा मोडल्यानंतर शंभर-दोनशे वर्षे खंडित झालेल्या एका परंपरेचे पुनरागमन आहे, असे म्हणणे अधिक युक्त होईल.